स्वेटरची जाहिरात

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. पुलगावला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. व्हायरस सोडला तर न दिसणारं काहीच मी मानत नाही.

घर नाचणगावला. मी आणि आई. धाकटा भाऊ नीलेश नोकरीसाठी उत्तरेकडे गेला आणि काही महिन्यांत त्याचा फोन बंद झाला... तो कायमचाच. पोलीस, नातेवाईक, सगळं करून झालं. जाण्याआधी त्याने घरच्या लॅपटॉपवर गरम कपडे शोधले होते. तेव्हापासून आई बातम्या वाचायला बसली की बाजूला स्वेटरच्या जाहिराती. भर मे महिन्यात, वर्ध्याच्या उन्हात! आईला वाटायचं, नीलेशच शोधतोय.

"आई, ह्या कुकीज आहेत. एका साइटवर काही पाह्यलं की दुसरीवर तेच मागं लागते. तूच क्लिक करून राह्यली, म्हणून येतात."

"मंग येऊ दे ना. तुले काऊन तरास होते?"

होत होता. दुकानातून थकून यायचं आणि तिचा तो आशेचा चेहरा पाहायचा... सोसेना. ब्राउझरवाले थर्ड पार्टी कुकीज, म्हणजे बाहेरच्या जाहिरातवाल्यांच्या, बंद करणार, करणार म्हणत राहिले आणि शेवटी फिरले. मग मीच सेटिंगमध्ये जाऊन त्या ब्लॉक केल्या, जुन्या सगळ्या पुसल्या. स्वेटर गेले, बियाणं आणि मोटरपंप आले. आई लॅपटॉपजवळ बसेनाशी झाली. जेवणही कमी झालं तिचं.

एका रविवारी दुपारी मी बातम्या चाळत होतो, आई शेजारी तुरीच्या शेंगा सोलत होती. बाजूला जाहिरात आली — जुना स्वेटर विकणे आहे. करडा, हातानं विणलेला. बटणं काळी, वरून तिसरं मात्र निळं.

तो आईनेच विणलेला. एक बटण कमी पडलं म्हणून तिने माझ्या जुन्या शर्टाचं लावलं होतं. नीलेश तोच घालून गेला होता.

मी क्लिक केलं. कोरं पान. मागे आलो तर तिथे मोटरपंप. हिस्टरीत काही नाही, कुकीज ब्लॉकच. नंतर तो स्वेटर मी कुठे कुठे शोधला... नाही सापडला.

खरं सांगू, आता शोधायचं बळही उरलेलं नाही. कुकीज मी पुन्हा सुरू करून ठेवल्यात. आई मात्र लॅपटॉप उघडत नाही. त्या दुपारी स्क्रीनकडे बघत ती एवढंच म्हणाली होती,

"विकून राह्यला म्हणजे... आता त्याले थंडी वाजत नसन."