गतीचा पाचवा नियम

कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर भाऊजींचं नोट्सचं दुकान होतं, आणि त्या नोट्स टाइप करायचं काम गेली नऊ वर्षं त्यांच्या थोरल्या वहिनी करत होत्या. पोरं भाऊजींना 'पाचमुद्दे सर' म्हणायची. खरं तर सर ते कुठेच नव्हते. कधीकाळी एका शिकवणीत दोन वर्षं हजेरी घेतली होती, तेवढ्याच हळकुंडाने पिवळे झाले होते. पण इतिहास म्हणा, समाजशास्त्र म्हणा, वनस्पतिशास्त्र म्हणा, एकवीस विषयांच्या नोट्स हा एकटा गृहस्थ काढायचा, आणि कुठल्याही प्रश्नाच्या उत्तरात मुद्दे पाच म्हणजे पाच. क्रांतीची कारणं पाच, घटस्फोटाची पाच, मातीची धूप होण्याची पाच. चारावर गाडी अडली की पाचवा मुद्दा ठरलेला: 'जनजागृतीचा अभाव'. तो क्रांतीलाही चालायचा आणि मातीलाही.

वहिनी स्वतः भौतिकशास्त्र शिकलेल्या. तीन वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं. मग लेक दुसरीत असताना सासूबाई अंथरुणाला खिळल्या, नोकरी सुटली ती सुटलीच. तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "घरबसल्या टायपिंग करा, वहिनी. डोक्याला काही ताण नाही." यातलं दुसरं वाक्य अगदी तंतोतंत खरं निघालं. समोरच्या खोलीत खिडकीशी कॉम्प्युटर आला, पलंगाखाली स्पायरलच्या रिंगांची खोकी आली, आणि वहिनींच्या बोटांखालून दर वर्षी सगळी मानवजात, सगळे प्राणी आणि सगळी मूलद्रव्यं पाच-पाच मुद्द्यांत निघून जाऊ लागली.

सुरुवातीला त्या चुका दाखवायच्या. अकरावीच्या भौतिकशास्त्राचा कागद हातात घेऊन त्या एकदा दुकानातच गेल्या.

"भाऊजी, गतीचे नियम तीनच आहेत."

"असतील. पण उत्तर पाच गुणांचं आहे ना?"

"म्हणून नियम वाढतात का?"

"वहिनी, तुम्ही फार खोलात जाता. खाली वाचा, मी लिहिलेत दोन."

त्यांनी खरंच लिहिले होते. चौथा नियम: प्रत्येक गतीला दिशा असते. पाचवा नियम: गती आणि विश्रांती या एकमेकींवर अवलंबून असतात. वहिनींनी कागदाकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं. पोरांची रांग दाराबाहेर गेली होती. अडला हरी म्हणतात तशी गत. त्या घरी आल्या आणि पाचही नियम टाइप केले, चौथ्याला आणि पाचव्याला ठळक अक्षरं देऊन, कारण भाऊजींनी तसं सांगितलं होतं.

त्यांना वाटलं होतं, पहिल्याच परीक्षेत बिंग फुटेल. कसलं काय. पोरांनी पाच नियम लिहिले, तपासणाऱ्यांनी पाच गुण दिले. पुढच्या वर्षीही तेच. त्यानंतर वहिनींनी कॉलेज या संस्थेबद्दल कसलाही आदर बाळगणं सोडून दिलं. पोरं न वाचता पाठ करतात, मास्तर न वाचता तपासतात, आणि मधल्या मध्ये आपण न बोलता टाइप करतो, असा त्यांनी सगळ्यांचा एकत्र हिशेब लावला होता. स्वतःला त्यातून वगळलं नव्हतं.

मग लेक अकरावीला गेली. एका संध्याकाळी ती पलंगावर मांडी घालून, डोळे मिटून घोकत होती. "चौथा नियम. प्रत्येक गतीला दिशा असते."

वहिनींचे हात कीबोर्डवर थांबले. "हे कुठून आणलंस?"

"काकांच्या नोट्स. सगळ्या वर्गाकडे आहेत."

"पुस्तक कुठाय तुझं?"

"कपाटावर असेल. आई, पुस्तकातून कोण करतं?"

आपणच टाइप केलेलं आपल्या पोटच्या पोरीच्या तोंडून ऐकताना वहिनींना कसंसंच झालं. दुसऱ्यांच्या पोरांचं नुकसान नऊ वर्षं पचलं होतं, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं, आणि ते जास्त लागलं.

त्या वर्षी नोट्सची नवी आवृत्ती टाइप करताना त्यांनी भाऊजींना न विचारता एक काम केलं. जिथे जिथे उत्तर चुकीचं होतं, तिथे शेवटी एक ओळ घातली: 'खात्रीसाठी पाठ्यपुस्तक पाहा', आणि पुढे पानाचा आकडा. गतीच्या नियमांना पान एकशे बारा. वाटलं, शंभरातल्या पाच जणांनी जरी पुस्तक उघडलं तरी पुष्कळ झालं.

सहामाहीनंतर एका दुपारी त्या छापलेले गठ्ठे घेऊन दुकानात गेल्या, तर भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख तिथे खुर्ची टाकून चहा पीत बसलेले. समोर भाऊजी हात बांधून उभे.

"तुमच्या नोट्स पोरं किती मन लावून करतात बघा," प्रमुख म्हणाले. "दीडशे पेपर तपासले. जवळजवळ प्रत्येकात उत्तराखाली लिहिलंय, 'खात्रीसाठी पाठ्यपुस्तक पाहा, पान ११२'. एकाने तर भोवती चौकट काढली होती."

वहिनींना क्षणभर आशा वाटली. "मग तुम्ही काय केलंत?"

"अर्धा अर्धा गुण वाढवून दिला. संदर्भ देण्याची सवय चांगली आहे."

"तुम्ही ते पान उघडून पाहिलंत का?"

"माझ्याकडे जुनी आवृत्ती आहे."

"जुन्या आवृत्तीतही नियम तीनच असतील, सर."

प्रमुखांनी कप खाली ठेवला आणि जराही न अडखळता म्हणाले, "मूळ तीन. हे दोन पूरक असावेत."

भाऊजींनी मान डोलावली. "पूरकच."

वहिनींनी गठ्ठे टेबलावर ठेवले. "भाऊजी, उद्यापासून टायपिंगचं दुसरीकडे बघा."

"रागावलात की काय?"

"नाही. किळस आली."

घरी नवऱ्याने समजूत घातली. "अगं, घरातल्या घरात कशाला वाकडेपणा? त्याचं तो बघेल."

"घरातलंच म्हणून तर इतकी वर्षं तोंड शिवून बसले," वहिनी म्हणाल्या. नवऱ्याने वर्तमानपत्र उघडलं. भांडण टाळण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला कॉम्प्युटरच्या चाकांच्या खुर्चीत बसवलं, पाय वर घ्यायला लावले आणि सांगितलं, "भिंतीला ढकल." लेकीने ढकललं आणि खुर्चीसकट मागे सरकली. "आता सांग, भिंतीने काय केलं?" पोरीने पुन्हा एकदा ढकलून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तिनेही मला ढकललं." त्यानंतर तिने कपाटावरून पुस्तक काढलं. कुणाला सांगावं लागलं नाही.

वार्षिक परीक्षेत तिने नियम तीनच लिहिले, प्रत्येकाला स्वतःचं उदाहरण देऊन. पेपर हातात आला तेव्हा पाचपैकी तीन गुण होते आणि लाल शाईत शेरा होता: 'दोन नियम राहिले'. तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला, जिला वेग आणि त्वरण यातला फरक विचारला असता तर ती बाहेर पळाली असती, साडेपाच मिळाले होते. पाचपैकी.

वहिनी पुस्तक घेऊन थेट प्रमुखांच्या खोलीत गेल्या. पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"ठीक आहे. तुमच्या मुलीचे दोन गुण वाढवतो."

"आणि बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांचं आता कशाला उकरता, बाई? निकाल लागलाय. सगळे खूश आहेत."

"मग तिचेही राहू द्या तसेच," वहिनी म्हणाल्या. बाहेर येऊन हे लेकीला सांगताना मात्र त्या अडखळल्या, कारण गुण काही त्यांचे नव्हते. लेकीचं तोंड एवढंसं झालं. जेवताना म्हणाली, "एवढा मोठेपणा करायच्या आधी मला विचारायचंस." वहिनींनी कबूल केलं की विचारायला हवं होतं. त्याच आठवड्यात लेक स्वतः प्रमुखांकडे गेली, पुस्तक समोर धरून आपले दोन गुण मागून घेऊन आली.

नोट्सचं दुकान आजही जोरात आहे. टायपिंग आता धाकट्या जाऊबाई करतात, आणि त्या शंका विचारत नाहीत, म्हणून भाऊजी त्यांच्यावर बेहद्द खूश आहेत. वहिनींना दोन गल्ल्या पलीकडच्या शाळेत प्रयोगशाळेत मदतनिसाचं काम मिळालं. पहिल्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं, तर तराजूंवर बोटभर धूळ होती आणि आतल्या यादीवर वर्षानुवर्षांच्या सह्या होत्या, 'सर्व साहित्य वापरात'. वहिनींनी पदर खोचला आणि फडकं ओलं केलं.