टाकीचं झाकण

वडगावच्या बाजारातला गाळा त्या दिवशी ठरवायचा होता. उशीर झाला असता तर एका दलालाने तो पळवला असता, मागचा पळवला होता तसाच. आणि कामशेत सोडल्यापासून माझी मोटरसायकल सारखी बंद पडत होती. गॅरेजवाल्याने मागच्याच आठवड्यात प्लग बदलला होता, कार्ब्युरेटर बदलला होता, तरी रोग तोच: थोडं धावायचं, गचके देऊन थांबायचं, मग आपोआप पुन्हा चालू. कान्हे फाट्यावर मी तिला लाथ घातली.

"तिला कशाला मारताय, भाऊ?" दुधाचे कॅन लटकवलेली गाडी थांबवून एकाने विचारलं. बोलण्याआधी तो कॅनवर बोटाने टकटक करायचा. इंजिनाकडे त्याने पाहिलंच नाही. "टाकीचं झाकण उघडा."

"पेट्रोल आहे!" मी खेकसलो.

"व्हय, पण उघडा तर."

झाकण उघडताच सूंऽ करून हवा आत गेली. झाकणाखाली, हवेच्या बारीक भोकावर, जाड रबर होतं. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून गॅरेजवाल्यानेच बसवलेलं!

टकटक. "आमच्या कॅनचं झाकण लय घट्ट बसलं की तोटीतून दूध येत न्हाई. वरनं हवा नगं का?"

मी रबर उपटून फेकलं, किक मारली. "किती द्यायचे?" घासाघिशीच्या तयारीनेच मी विचारलं.

"हवेचे काय घेऊ? पळा आता."

भाव न करता मी आयुष्यात पहिल्यांदाच कुठून तरी निघालो. इंजिन एकदाही अडखळलं नाही. मी एकटाच आनंदाने ओरडत होतो. बाजारात पोचलो, तेव्हा दलाल टपरीवर निवांत चहा पीत होता. मी गाळ्याच्या मालकाचा हात धरला आणि थेट आत शिरलो.