आबांच्या दुधातली गोळी

मंडळी, आपल्या मित्रांच्या फिरत्या वहीत लिहायची आज माझी पाळी आहे, म्हणून सकाळचंच सांगतो.

माझ्या वडिलांना, आबांना, कंपवात आहे. डॉक्टरी औषधावर त्यांचा विश्वास नाही. म्हणून महिनाभरापासून मी डॉक्टरांची गोळी कुटून त्यांच्या दुधात मिसळतोय. थरथर बरीच कमी झाली. गोळीने तोंड कोरडं पडतं, कुणाला भासही होतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं.

आज आबांनी पेला ढकलला. "सूनबाई दुधात कायतरी घालतीया. जीभ वाळतीया माझी."

"भास होतोय त्यांना," मी बायकोला म्हणालो. तिला गोळीचं ठाऊक आहे. तिने पेला उचलून माझ्या हातात दिला.

"मला कट्ट्यावर ने," आबा म्हणाले. "म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून पितो."

दूधकट्ट्यावर, जिथे गिऱ्हाइकासमोर म्हशी पिळून दूध देतात, त्यांनी फेसाळ पेला एका हाताने धरला. थेंबही सांडला नाही.

"बघ, चांगलं दूध मिळालं की हात कसा थिर ऱ्हातोय."

कालच्या गोळीचा तो गुण होता. खरं सांगितलं तर आबा गोळी कधीच घेणार नाहीत. नाही सांगितलं तर माझ्या करणीचा आळ बायकोवर राहील, आणि आबांचा खरा संशय मी भास ठरवलेला असेल. तुम्ही आबांना खरं सांगितलं असतं का?