पुस्तकावर उठलेली बोटं

फैजपूरच्या वाचनालयात नाव घालायचं तर जुन्या सभासदाची सही लागायची. मी समुद्राकाठची, आठवीत शाळा सुटलेली. नवरा केळीच्या ट्रकवर लागला म्हणून इकडे आले. मला इथं ओळखणार कोण? सही केली आमच्या पॅकिंग शेडमधल्या अक्कांनी. माहेर सोनगीरचं, बोली अजून तिकडचीच, अहिराणी. "ध्यानमा ठेव, मन्हं नाव शे त्यावर," एवढंच म्हणाल्या.

कव्हरवर समुद्र दिसला म्हणून मी एक पुस्तक उचललं. नवंकोरं होतं, माझ्याआधी कुणी उघडलेलंही नव्हतं. आत निघाली गुंडांची टोळी. विलायतेतलं गाव, जत्रेसारखी माणसं येतात, आणि त्याच गर्दीत ही पोरं एकमेकांचे चेहरे ब्लेडनं फाडतात. समुद्र आहे, पण मासे कुणी सुकवत नाही. तरी घरची आठवण यायचीच.

दिवसभर उभं राहून केळीच्या घडाच्या फण्या तोडायच्या, तुरटीच्या पाण्यात धुवायच्या. दुपारी डबा खायला बसेपर्यंत पाय भरून यायचे. डबा झाला की क्रेटवर टेकून वाचायची.

"काय शे वं एवढं त्यामां?" अक्का रोज विचारायच्या.

"गुंड आहेत अक्का, समुद्राकाठच्या गावातले."

"तुन्हा गावना का?"

सगळ्या बाया हसल्या. मी म्हटलं, "नाही हो, विलायतेतले."

"मंग आपला मुकादमले नको देजो. शिकी लेई."

तीसेक पानं उरली होती. एक नाव विसरले म्हणून मागची पानं उलटली. पानापानावर माझी तपकिरी बोटं उठलेली. केळीचा चीक ओला असताना पाण्यासारखा असतो, दिसत नाही. रंग नंतर चढतो. साडीवरचा डाग जात नाही हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण दिवसभर पाण्यात असलेले हात मला स्वच्छ वाटायचे. लिंबू चोळून पाहिलं, तर कागद खरखरीत झाला. पुढं वाचवेना. अक्कांना सांगायचं धाडस झालं नाही. दोन दिवस त्यांच्याकडे मान वर करून बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सुट्टी होती. पुस्तक पिशवीत घालून वाचनालयात गेले. तिथल्या म्हाताऱ्या नानांपुढे ठेवलं. "चूक माझी आहे. माझं नाव काढून टाका हवं तर, पण अक्कांना काही बोलू नका."

नानांनी पानं उलटली. मग उठून खालच्या कप्प्यातलं एक जाडजूड पुस्तक काढलं, माझ्यासमोर उघडलं. तीच तपकिरी बोटं, पानापानावर.

"ही तुमच्या अक्कांची. लई वाचायच्या. आता छापलेलं बारीक अक्षर दिसत नाही त्यांना." माझं पुस्तक त्यांनी परत माझ्याकडे सरकवलं. "वाचायच्या आधी हाताला तेल चोळून पुसत जा, चीक निघतो. शेवट राहिला असेल ना?"

मी मान हलवली आणि पुस्तक पिशवीत घातलं.

दुसऱ्या दिवशी डबा झाल्यावर हाताला तेल चोळलं, पदराला पुसलं आणि अक्कांच्या शेजारी बसले. "वाचून दाखवू? शेवटच राहिलाय."

अक्कांनी माझ्या तेलकट हातांवरून बोटं फिरवली. क्रेटला पाठ टेकून पाय पसरले.

"शेवट नको. पहिलेपाईन वाच."

म्हणजे सगळं पुस्तक पुन्हा वाचायचं. माझे पाय ठणकत होते. मी पहिलं पान उघडलं.