लॉट एक्केचाळीसची नोंद

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांच्या या सदरातल्या अर्ध्या गोष्टी मला थापा वाटतात. उरलेल्या अर्ध्या, अपचनाच्या. आमच्या घरी असलं काही चालतच नाही. आजोबांनी छप्पन्न साली नागपूरला दीक्षा घेतली, तेव्हापासून अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची सगळं उंबऱ्याबाहेर. लहानपणी एकदा मी म्हणालो की चिंचेखाली भूत आहे, तर बाबांनी त्याच संध्याकाळी मला चिंचेखाली नेऊन अर्धा तास बसवलं. डास चावले, बाकी काही नाही. त्यामुळे आज हे मी लिहितोय याचं मलाच हसू येतंय. पण बायको म्हणाली, "इतकी वर्षं ज्याला त्याला अर्धवट सांगत बसता, लिहून टाका न एकदाचं पूर्ण..." म्हणून लिहितो.

साल दोन हजार एक. सातारा रस्त्यावरचा एक कारखाना, वाफेच्या आणि केमिकलच्या पाइपांना लागणारे व्हॉल्व्ह बनवणारा. नाव सांगत नाही. मी बिबवेवाडीत तिघांबरोबर एका खोलीत राहायचो आणि या कारखान्यात सिस्टिम्स डिपार्टमेंट होतो. डिपार्टमेंटमध्ये नव्हतो — होतो. एकटाच. माझ्या आधी हे कॉम्प्युटरचं काम शेवाळे नावाचे गृहस्थ बघायचे. ते फेब्रुवारीत हार्ट अटॅकने गेले, मी एप्रिलमध्ये लागलो. त्यांना मी कधी पाहिलं नाही. त्यांची खुर्ची तेवढी मला मिळाली.

आता तिथली एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तपासणी विभागाचे प्रमुख होते जोगळेकर. राहणार नारायण पेठ, नोकरी अठ्ठावीस वर्षं, रिटायर व्हायला दीड वर्ष. हे कॉम्प्युटरला हात लावायचे नाहीत. मी पहिल्या आठवड्यात म्हटलं, "साहेब, मी शिकवतो ना, सोपं आहे." तर म्हणाले, "मी व्हॉल्व्ह तपासतो. टायपिंग करायला आपल्याला ठेवलंय." विषय संपला!

तर जोगळेकरांनी एखादा लॉट रिजेक्ट केला की ते इंटरकॉमवर सिस्टिम्सला सांगायचे आणि सिस्टिम्सवाला ते तपासणीच्या पानावर टाकायचा. पान शेवाळेंनी बनवलेलं, कंपनीच्या सर्व्हरवर. त्यावर फक्त रिजेक्ट झालेले लॉट. डिस्पॅचवाले ते पान बघायचे — नंबर दिसला तर माल थांबवायचा, नाही दिसला तर गाडीत भरायचा. कागदी कार्ड बंद झालं होतं, कारण एमडींना पेपरलेस व्हायचं होतं.

पानावर शेवाळेंनी शेवटी "शेरा" असा एक रकाना ठेवला होता, आणि त्यात ते फोनवर जे कानावर पडेल ते लिहायचे. "साहेब चिडले आहेत." "दोनदा सांगितलं, आवाज बसलाय." एकदा तर "नातीचं बारसं आहे, लवकर जायचंय म्हणाले." मला हा माणूस जरा विचित्रच वाटला. मी शेरा रिकामा सोडायचो.

जुलैत एमडींनी माझ्यामागे ब्राउझरचं काम लावलं. त्या वेळी ज्याच्या त्याच्या मशीनवर वेगळा ब्राउझर. कोणी होमपेजला क्रिकेट लावलेलं, कोणी राशिभविष्य, अकाउंट्समधल्या एकाने काय लावलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तर मी एक तयार ब्राउझर बांधायचा — होमपेज ठरलेलं, इंटरनेटची सेटिंग आधीच भरलेली, बदलायची सोयच नाही — आणि तो चौऱ्याऐंशी मशीनवर सर्व्हरवरून पाठवायचा. सकाळी माणसाने नाव-पासवर्ड टाकला की आपोआप उतरणार. होमपेजवर एमडींना तपासणीचंच पान हवं होतं. "सकाळी सकाळी प्रत्येकाला आपली रिजेक्शन्स दिसू देत," म्हणाले.

एका सकाळी मी याची चाचणी घेत होतो. अकरा पस्तीसला सुरू केली, वहीत वेळ लिहिली. पाचेक मिनिटांत इंटरकॉम वाजला. जोगळेकर. "लॉट एक्केचाळीस. झडप टेकते त्या सीटला तडा आहे. रिजेक्ट. लिहून घ्या."

मी म्हणालो, "हो हो, टाकतो."

आणि टाकलं नाही. पडद्यावर काहीतरी अडकलं होतं, त्याच्या नादात राहूनच गेलं. बस्स, एवढंच. काही हेतू नाही, काही नाही. जोगळेकरांनी पेटीवर खडूने फुली मारली होती, ती ने-आणीत पुसली गेली. पानावर नंबर नाही म्हणून माल गाडीत चढला.

सप्टेंबरात त्यातला एक व्हॉल्व्ह गिऱ्हाइकाच्या कारखान्यात फुटला. तिथल्या एका फिटरचा उजवा हात वाफेने कोपरापर्यंत भाजला.

मग पत्र आलं, चौकशी बसली. तडा गेलेला लॉट पास केलाच कसा? जोगळेकर म्हणाले, पास केला नव्हता, रिजेक्ट केला आणि फोनवर कळवला. पर्सोनेलच्या खांडेकर मॅडम चौकशी करत होत्या. त्यांनी मला बोलावून विचारलं, "मेश्राम, असा फोन आला होता का?"

मी म्हणालो, "आठवत नाही मॅडम. फोन बरेच येतात."

आठवत होतं. लख्ख आठवत होतं! पण मी प्रोबेशनवर होतो, घरचे दर महिन्याला माझ्या मनीऑर्डरची वाट बघायचे, आणि माझी पार फाटली होती. सरळ सांगायचं तर तसंच. जोगळेकरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "आपली स्मरणशक्ती फार सोयीची आहे." तेवढंच. पुढची तारीख दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशीची. त्या दिवशी निकाल. दोषी ठरले तर बडतर्फ — अठ्ठावीस वर्षांनंतर.

खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा झाली. लेथला, प्रेसला, माझ्या सर्व्हरलाही झेंडूचा हार. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही असा तिथला नियम, म्हणून ब्राउझर पाठवायचं माझं काम दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसावर गेलं. मी खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळीच सगळं सर्व्हरवर तयार ठेवलं होतं. दरवर्षी दसऱ्याला मी दीक्षाभूमीवर असतो, त्या वर्षी या कामापायी पुण्यातच राहिलो आणि जवळच्या विहारात गेलो. सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी आलो — खोटं बोलण्यापासून दूर राहण्याची शपथ — आणि माझा आवाज फुटेचना. शेजारच्या मावशींनी विचारलं, "काय रे बाळा, घसा बसला का?" मी हो म्हणालो. म्हणजे तिथेही खोटंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला डिस्पॅचचा फोन. "अहो मेश्राम, एक्केचाळीस रिजेक्ट म्हणून आज दाखवताय होय? माल गेला, फुटला, चौकशी बसली... वा! फारच तत्पर डिपार्टमेंट!"

मी म्हटलं चेष्टा करतोय. उठून त्याच्या टेबलाशी गेलो. नवा ब्राउझर व्यवस्थित उतरला होता. होमपेजवर तपासणीचं पान. चाळीस आणि बेचाळीस या दोन्ही नोंदी मी स्वतः टाकलेल्या. आणि त्यांच्या मधे एक ओळ, जी मी टाकली नव्हती. नोंदी इंग्रजीत असायच्या, मी मराठीत देतो —

लॉट ४१. रिजेक्ट. सीटला तडा. फोन केला : जोगळेकर. फोन घेतला : मेश्राम. वेळ : ११.४०. शेरा : "हो हो, टाकतो" म्हणाले.

शेजारच्या मशीनवर बघितलं, तेच. अकाउंट्समध्ये तेच. एमडींच्या सेक्रेटरीकडे तेच.

पहिला विचार आला तो असा, की जोगळेकरांनी कोणाकडून तरी हे घुसवलं. रागच आला, खोटं कशाला बोलू. सर्व्हरवर जाऊन मूळ फाइल उघडली. तिच्यात चाळीसनंतर थेट बेचाळीस. मधे काही नाही. फाइल शेवटची बदलली त्याची तारीख माझ्याच मागच्या नोंदीची. पासवर्ड फक्त माझ्याकडे. म्हटलं, कुठेतरी साठवलेली जुनी प्रत दिसत असेल. पण जुन्या प्रतीत तरी ती ओळ येणार कुठून, ती कधी लिहिलीच नव्हती! तरी सगळ्या साठवलेल्या प्रती पुसल्या, सर्व्हर बंद करून चालू केला, पान दुसऱ्या नावाने ठेवून पाहिलं. ओळ होतीच. मी बांधलेला ब्राउझर काढून एका मशीनवर जुना टाकला — ओळ नाही. नवा टाकला — ओळ आहे. ब्राउझरचं पॅकेज उघडून एकेक फाइल तपासली. त्यात असलं काही नव्हतं. दुपारचं जेवण राहिलं.

निकालाच्या दिवशी खांडेकर मॅडमच्या टेबलावर त्या पानाचा प्रिंटआउट होता. जोगळेकर इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते, पण मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. मॅडमनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"ही नोंद तुमची का? जुलैतच केली होती का?"

हो म्हणालो असतो तर जोगळेकर सुटले असते, मीही सुटलो असतो, ठपका डिस्पॅचवर गेला असता. नाही म्हणून गप्प बसलो असतो तर कोणीतरी कागद बनवला असं ठरून जोगळेकर कायमचे गेले असते. रात्रभर मी याच दोन उत्तरांपायी झोपलो नव्हतो. तोंडातून तिसरंच आलं.

"नोंद माझी नाही मॅडम. मी ती केलीच नाही. पण फोन आला होता. जोगळेकर साहेबांनी रिजेक्ट म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. मी 'हो हो, टाकतो' म्हणालो आणि विसरलो. मागच्या वेळी मी इथे खोटं बोललो."

मॅडमनी कागद परत आपल्याकडे ओढला. मग म्हणाल्या, "मग हे लिहिलं कोणी?"

"माहीत नाही."

जोगळेकर निर्दोष सुटले. मला मेमो मिळाला, आणि डिसेंबरात नोकरीही गेली. त्याबद्दल तक्रार नाही. निकालाच्या संध्याकाळी जागेवर येऊन बघितलं तर चाळीसनंतर थेट बेचाळीस, सगळ्या मशीनवर. ओळ कधी गेली ते कोणालाच सांगता येईना. प्रिंटआउट मात्र फाइलला लागला होता.

बाहेर जोगळेकर जिन्यात थांबले होते. मी माफी मागितली. म्हणाले, "राहू द्या. उशिरा का होईना, आपल्याला आठवलं." मग मी त्यांना सरळच विचारलं, की साहेब, ती ओळ तुम्ही कोणाकडून टाकून घेतलीत का, आता सांगायला हरकत नाही.

ते म्हणाले, "अहो, मी टाकून घेतली असती तर त्यात तो शेरा कसा आला असता? 'लिहून घ्या' म्हणालो की मी रिसीव्हर ठेवतो. पलीकडचा काय म्हणतो ते ऐकत बसायची मला सवय नाही. आपण 'हो हो' म्हणालात हे मला आज त्या कागदावरून कळलं."

म्हणजे मी ते बंद फोनवर बोललो होतो. खोलीत मी एकटा होतो, दार लावलेलं. ते तीन शब्द माझ्याशिवाय कोणाच्या कानावर पडलेच नव्हते.

यावर पुढे कॉम्प्युटरवाल्या मित्रांनी बरेच तर्क सांगितले. ओळीचा उलगडा एकाने केला, पण शेऱ्याचा नाही. भुतावर माझा विश्वास आजही नाही आणि त्या शेऱ्याचं स्पष्टीकरणही नाही.

त्या फिटरचं नाव आणि पत्ता गिऱ्हाइकाच्या पत्रात होता, मी उतरवूनही घेतला होता. हात बरा झाला का, पुन्हा पाना धरता आला का, हे विचारायला मी एकदाही गेलो नाही. त्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आहे. माझी हिंमत झाली नाही.