पन्नास दिवसांचं जेवण

"आज दिवस कोणता ते आधी बघ. मग चूल पेटव." असं म्हणून ती ओले हात लुगड्याला पुसायची. नवीन असताना मला वाटलं, बाई मुहूर्त बघते की काय.

अंधेरीच्या गावठाणात तिचं कौलारू घर होतं आणि मागच्या खोलीत आम्ही भाड्याने राहत होतो. आम्ही मालवणकडचे. ती तिथलीच, पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती. मी तिला बाय म्हणायची. मी चौथी शिकले, ती तेवढीही नाही. पण कोणत्या दिवशी काय शिजवायचं, हे तिला तोंडपाठ होतं. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपासाचे, तेव्हा सुका बोंबील आणि डाळभात. ईस्टरपासून पेन्टेकॉस्टच्या सणापर्यंत पन्नास दिवस आनंदाचे. रविवारी डुकराचं विंदालू, नाहीतर बदक, आणि सोबत फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. शुक्रवारी मटण चालत नसे, म्हणून कैरी घालून बांगडा. फुग्यांचं पीठ आंबवायला ताडी लागायची. तेव्हा दारूबंदी होती. ताडी पिठासाठी आहे, हे कुठल्या पोलिसाला पटलं असतं? ती घागरीत कापडाखाली लपवून आणायची.

मला मासे द्यायला दारात यायची. "तुझ्या देवाचा आज उपास नाय ना गो?"

"आहे. संकष्टी."

"मग उद्या खा. तुझा देव पण एकेक दिवस शोधून काढतो."

तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील. लोक म्हणतात, खायला घालण्याची हौस. तिची हौस नव्हती. तिला एक काम साधायचं होतं.

तिचा नवरा दगडाच्या खाणीत होता. भुकटी छातीत बसून त्याला धाप लागायची. त्यांना एकच मूल झालं होतं, मी तिथे येण्याच्या बऱ्याच आधी. ते जन्मलं आणि त्याच दिवशी गेलं. बाप्तिस्मा व्हायचा राहिला. बाप्तिस्मा नाही म्हणून तिथल्या पाद्रीने त्याला कबरस्तानात जागा दिली नाही. बापाने भिंतीबाहेर स्वतः खड्डा खणला. त्यानंतर तो चर्चची पायरी चढला नाही.

त्यांच्यात कुमसार म्हणून असतं, पाद्रीला आपली पापं सांगायची. वर्षातून एकदा, या सणाच्या दिवसांत ते करावंच लागे. वर्षानुवर्षं न करणारा मेला तर त्यालाही भिंतीच्या आत जागा नाही, असं पाद्रीने तिला स्पष्ट सांगितलं होतं. नवरा फार दिवसांचा सोबती नव्हता, हे तिला दिसत होतं. त्याला भिंतीच्या आत न्यायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

कुमसार शनिवारी संध्याकाळी व्हायचं. म्हणून शनिवारी ती त्याच्या आवडीची कोळंबी करायची. ताट वाढायची, धुतलेला सदरा खुंटीला लावून ठेवायची. मधल्या दारातून मला सगळं ऐकू यायचं.

"खा. मग सदरा घाल नि जाऊन ये."

"कुठं?"

"तुला ठाऊक हाय."

"कोळंबी झकास झालीय," तो म्हणायचा. "पाद्रीला पण दे थोडी. तोंड बंद राहील त्याचं."

तो बोटं चाटून खायचा आणि अंगणात जाऊन बसायचा. सदरा खुंटीलाच.

मी एकदा तिला म्हटलं, "बाय, जेवायलाच देऊ नकोस. दोन दिवस उपाशी राहिला की मुकाट्याने जाईल."

"या दिवसांत? देव कबरीतून उठलाय, नि मी माणसाला भुकेनं मारू?"

म्हणजे हातात होतं ते एकच हत्यार, आणि तेही चालवायचं नाही. मला तिचा राग यायचा.

त्या वर्षी पेन्टेकॉस्टसाठी तिने विंदालूचं मांस सिरक्यात घालून ठेवलं होतं. आदल्या दिवशी त्यांचा उपास असतो. त्याच दिवशी नवऱ्याचा श्वास अडकला. तिने पाद्रीला घरी आणलं. नवऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. "मला पोराजवळ टाका," एवढंच म्हणाला. दुपारी गेला. त्याला बाहेर पुरलं. दुसऱ्या दिवशी तिने विंदालू शिजवलं आणि घरोघर वाटलं. आम्ही डुक्कर खात नाही म्हणून माझ्यासाठी वेगळी अंडी केली होती. ती रडली नाही. "सण हाय," म्हणाली.

पुढच्या ईस्टरला पुन्हा तेच जेवण, तोच क्रम. रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेलाही जायची. पण शेजारणी कुजबुजायला लागल्या. बाकीच्या बायका देवाची भाकर घ्यायला पुढे जातात, ही मागच्या बाकावरून उठत नाही. कुमसारालाही गेली नाही. मी सरळ विचारलं.

ती चिंच कोळत होती. "मी कुमसार केलं तर मला आत पुरतील," म्हणाली. "ती दोघं बाहेर हायत."

"आणि तुझा देव?"

"त्याला मी सांगितलंय. पाद्रीला सांगायची गरज नाय."

आयुष्यभर एक उपास चुकवला नाही त्या बाईने, आणि आता जाणूनबुजून कुमसार चुकवत होती. दरवर्षी. पन्नास दिवस सगळ्यांना जेवू घालायची आणि स्वतः देवाच्या भाकरीला हात लावायची नाही. काही वर्षं असंच चाललं.

मग तिला अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं गेलं, शुद्ध गेली. तोवर पाद्री बदलला होता. नवा तरुण होता, मऊ बोलायचा. त्याने तिच्या कपाळाला तेल लावलं, प्रार्थना म्हटली. ती गेल्यावर म्हणाला, एवढी भाविक बाई, हिची जागा आतच.

मी पुढे झाले. "फादर, तिला बाहेर जायचं होतं. मला तोंडाने सांगितलंय."

"दुःखात माणूस काहीही बोलतं, ताई," तो म्हणाला. "तिला बाहेर टाकण्याइतका मी कठोर नाही."

तो मनाने चांगला होता. भांडायला सोपा नव्हता. आणि मी तर परधर्माची, भाडेकरू. बाकी कुणी तोंड उघडलं नाही. सगळ्यांनी तिच्या हातचं खाल्लं होतं, तिचा मान झाला म्हणून सगळे खूश होते.

खड्डा कुठे खणायचा, एवढं तरी माझं ऐका म्हटलं. ते त्याने ऐकलं. भिंतीला अगदी लागून खणला. पलीकडे ती दोघं.

जवळच आहेत म्हणायचं. भिंत त्याच खाणीच्या दगडाची आहे, दीड हात जाड.