पाचोऱ्याची दुभाषी

पाचोऱ्याची दिपमाला चिनी बोलते म्हटलं की लोकांना आधी खरंच वाटत नाही. पुण्यात राहून ती ही भाषा शिकली आणि जळगावला ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात दुभाषी म्हणून लागली. तिथली यंत्रं चीनहून आणलेली. काही बिघडलं की तिकडचा इंजिनियर व्हिडिओवर यायचा. कारखान्याचे सुकदेव पाटील मराठीत विचारायचे आणि दिपमाला दोन्हीकडचं बोलणं पोचवायची.

तो इंजिनियर चेन साधारण तिच्याच वयाचा होता. रविवारीही फोन उचलायचा, बोलता बोलता जेवायचा. सुट्टी घेत नाहीस का, असं तिने एकदा विचारलं. तो म्हणाला, घरी गेलं की फ्लॅट कधी घेणार, लग्न कधी करणार हेच ऐकावं लागतं, त्यापेक्षा ऑफिस बरं. दिपमालाला हसू आलं. नात्यातल्या प्रत्येक लग्नात तिलाही हेच ऐकावं लागत होतं.

गेल्या उन्हाळ्यात, ऐन हंगामात, एक यंत्र बंद पडलं. आठवडाभर रोज चेन पडद्यावर होता. एका दुपारी पाटील साहेबांनी काहीतरी विचारलं. चेन हळू आवाजात दिपमालालाच म्हणाला, "हे त्यांना सांगू नकोस. मला खुर्चीतून उठताच येत नाहीये. सकाळपासून."

काय म्हणतोय, असं साहेब विचारू लागले. समोरचा बोलेल ते जसंच्या तसं सांगायचं, एवढंच तिचं काम. त्या दिवशी पहिल्यांदाच ती स्वतःचं बोलली. "साहेब, त्याची तब्येत बरी नाही. आज थांबू या." साहेब चिडले, पण थांबले. ते बाहेर गेल्यावरही तिने फोन ठेवला नाही. चेनला शेजारच्या टेबलावरच्या मित्राला हाक मारायला लावली. तो मित्र त्याला दवाखान्यात घेऊन गेला.

पुढच्या आठवड्यात पडद्यावर दुसराच इंजिनियर आला. चेनने नोकरी सोडली होती. तिकडे कितीतरी मुलं आता असं करतात, त्याला 'आडवं पडणं' म्हणतात, हे तिने साहेबांना सांगितलं. "म्हणजे आळशीपणाच," साहेब म्हणाले. ती समजावायला गेली, पण ते यंत्राकडे निघून गेले होते.

चेनचा फोन लागेना. तिने निरोप पाठवत राहायचं ठरवलं. केळीच्या बागा, वांग्याचं भरीत, स्टेशनवरची गर्दी, जे दिसेल त्याचे फोटो. उत्तर मागितलं नाही. दिवाळीच्या सुमारास त्याचा बदकांचा फोटो आला. तो आईकडे गावी होता, डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या, लोकांचे शेतातले पंप दुरुस्त करून देत होता.

मग एका रविवारी त्याने व्हिडिओवर फोन केला. त्याच्या आईला दिपमालाच्या आईला बघायचं होतं. दिपमालाची आई, कमलबाई, पदर सावरून फोनच्या पुढ्यात बसल्या. दोघींच्या मधे दिपमाला दुभाषी. पोरगा जेवतो का, असं कमलबाईंनी विचारलं. आता जेवतो, चेनची आई म्हणाली, आणि मी त्याला लग्नाचं काही विचारत नाही.

 कमलबाई दिपमालाकडे न बघता म्हणाल्या, "मन्ही पोर बी थकेल शे. सांग तिले."

दिपमालाला शब्द येत होते, पण ती फोन नीट टेकवत बसली. "सांग ना," आई म्हणाली. शेवटी तिने चिनीत सांगितलं, आई म्हणतेय, माझी पोरही थकली आहे. चेनची आई पडद्याच्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, "मग तिला झोपू दे."

दिपमालाने हेही आईला मराठीत सांगितलं.

सोमवारी तिने पाटील साहेबांना सांगून टाकलं की रविवारी ती कामाचा फोन घेणार नाही. ते कुरकुरले, तुझ्या बढतीचं मग कठीण आहे म्हणाले. ती बरं म्हणाली. आता रविवारी कुणी दार वाजवलं की कमलबाई स्वतःच दार ओढून बाहेर ओट्यावर जातात आणि तिथेच बसून हळू आवाजात बोलतात.